१९६६ची मस्टँग प्रोजेक्ट म्हणून घेतोय, आधी काय काय तपासू? (गोवा)

फोंड्याचो_येझदी

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, इथे बहुतेक दुचाकीच्या धाग्यांवरच असतो, चारचाकीत हात काळे झालेत ते घरच्या अँबॅसिडरवर तेवढेच. तर झालंय असं की साखळी गावाच्या पुढे ओळखीच्या ओळखीत एका घरी पडवीत फोर्ड मस्टँग उभी आहे, १९६६ची, दोन दारांची हार्डटॉप, लेफ्ट हँड ड्राइव्ह, ऑटोमॅटिक. आजोबांनी मुंबईहून आणलेली, ते गेले, मग कोणी हात लावला नाही, आता नातू विकतोय कारण घराचं छप्पर करायचंय. अठरा लाख म्हणतोय. पुढच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना २८९चा (क्यूबिक इंच) बिल्ला आहे म्हणजे व्ही-एट, आठ सिलिंडरचं इंजिन, आणि तो म्हणतो इंजिन फर्स्ट क्लास, फक्त बॅटरी लावायची खोटी. बॉनेट मात्र उघडलं नाही, केबल तुटलीये म्हणाला, मेस्तरी आणून उघडून ठेवतो. रंग लाल, चमक गेलीये पण पत्रा सरळ वाटतो, लांबून तरी. सीटा उंदरांनी खाल्ल्यात. आरसी बुक आहे, मुंबईचा जुना एमआर सिरीजचा नंबर.

शाळेत असल्यापासून मसल कारचं वेड आहे आणि अशी गाडी घरापासून तासाभरावर परत मिळेल असं वाटत नाही म्हणून डोकं फिरलंय. चवथीच्या (गणपतीच्या) आधी काय ते ठरव म्हणतोय, मुंबईचं एक गिऱ्हाईक पण आहे म्हणे. बायको म्हणाली आधी जाणत्यांना विचार. तर विचारतो, बघायला जाताना काय न्यायचं, कुठे कुठे बघायचं आणि असल्या गाडीत पैसे बुडतात ते नक्की कुठे? इंजिन ओपन करायला किती येतील त्याचा पण अंदाज द्या कोणीतरी.

सासष्टीकार

मुंबईचं गिऱ्हाईक प्रत्येक जुन्या गाडीला असतंच, आजवर कोणाला दिसलेलं मात्र नाही 😄 फोटो टाक रे आधी.

इंची_पाना

बाबा रे, पहिली गोष्ट, ६६च्या मस्टँगला बॉनेटची केबलच नसते. समोर जाळीच्या वर, बॉनेटच्या कडेखाली मधोमध हात घाल, लिव्हर हाताला लागेल. गंजून बसली असेल तर स्प्रे मार, एकाने बॉनेट वरून दाबून धरायचं आणि दुसऱ्याने लिव्हर ओढायची. नातू खोटं बोलतो असं मी म्हणत नाही, त्याला माहीत नसेल, पण ज्याला बॉनेट कसं उघडतं ते ठाऊक नाही त्याने इंजिन फर्स्ट क्लास हे कशावरून ठरवलं तेवढं विचार.

दुसरं, बिल्ल्यावर जाऊ नको, दोन भोकं पाडली की कुठलाही बिल्ला कुठेही बसतो. चाकाचे नट मोज. त्या वर्षीच्या मस्टँगला व्ही-एट असेल तर चाकाला पाच नट, सहा सिलिंडरची असेल तर चार. हे कंपनीतूनच असं यायचं आणि बदलायचं तर पुढचे हब, मागचा एक्सल सगळंच बदलावं लागतं, त्यामुळे बिल्ला चिकटवणारे तिथपर्यंत सहसा जात नाहीत. मग मागून वाकून डिफरन्शियल बघ, मागच्या तोंडाला बोल्ट मारलेलं झाकण दिसलं तर तो सिक्सचा हलका एक्सल. व्ही-एटच्या आठ इंचीला मागे झाकण नसतं, त्याचं काम पुढून निघतं.

मग नंबर. बॉनेट उघडलं की ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे, आतल्या मडगार्डच्या पत्र्याच्या वरच्या कडेवर नंबर ठोकलेला असतो, तो दिसावा म्हणून बाहेरच्या मडगार्डला खाच पाडलेली असते. वायर ब्रश आणि रॉकेलचा बोळा घेऊन जा. पहिला आकडा ६, म्हणजे १९६६. पुढे कारखान्याचं अक्षर, एफ असेल तर डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मेटचन. मग ०७ म्हणजे हार्डटॉप (०८ उघड्या छताची, ०९ फास्टबॅक म्हणजे मागे उतरत्या छताची). आणि त्यानंतरचं पाचवं अक्षर तुझ्या कामाचं: सी म्हणजे २८९ दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरची, ए म्हणजे चार बॅरलची, के म्हणजे हाय परफॉर्मन्स, ती मिळाली तर मला न सांगता घेऊन टाक. आणि टी म्हणजे २०० क्यूबिक इंचाची सरळ सिक्स. ड्रायव्हरच्या दारावर ॲल्युमिनियमची पट्टी असते तिच्यावर पण हाच नंबर येतो, शिवाय बॉडीचा, रंगाचा, गिअरबॉक्सचा, एक्सलचा कोड. दार बदललेलं असू शकतं त्यामुळे दारावरच्या पट्टीपेक्षा पत्र्यावर ठोकलेला नंबर खरा धरायचा. मोबाईलने फोटो काढ आणि शिवाय आरटीओवाले घेतात तशी पेन्सिलने कागदावर प्रिंट काढून आण, फोटोत गंजामुळे आकडे नीट कळत नाहीत.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नावर येतो, पैसे कुठे बुडतात. इंजिनात नाही बुडत. त्या एका वर्षात फोर्डने सहा लाखांवर मस्टँग काढल्या, त्यामुळे अमेरिकेत या गाडीचा प्रत्येक स्क्रू आजही नवीन बनतो, कॅटलॉग बघून मागवायचा, भाडं आणि कस्टम ड्यूटी रडत रडत भरायची आणि बसवायचा. इंजिन जाम असलं तरी ते लेथवर जाऊन येतं. पैसे बुडतात ते पत्र्यात. या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसी नाही, पत्राच चॅसी आहे, खालचा फ्लोअर, पुढच्या मागच्या रेल, दारांखालचे रॉकर सगळं मिळून ती उभी राहते. आणि आमच्याकडचा पाऊस तुला सांगायला नको, चार महिने ओल, वर पडवीतली मातीची जमीन, खालून वाफ येत राहते. मी तर म्हणतो पावसात बघायला मिळतेय हे तुझं नशीबच, उन्हाळ्यात सगळ्याच गाड्या कोरड्या असतात.

सगळ्यात आधी काउल बघ. वायपरच्या पुढे जाळी असते, तिच्यातून आत हवा यायची. त्या जाळीखाली दोन पत्रे जोडून पोकळी केलेली आहे, तिच्यात पानं, काजूचा मोहर, उंदराची घरटी सगळं साचतं, पाणी निघत नाही आणि पत्रा आतून कुजतो, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. कळशीभर पाणी हळूहळू जाळीत ओत आणि दुसऱ्याला टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घालायला सांग. पाणी दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मागून बाहेर पडायला पाहिजे. ते ड्रायव्हरच्या पायाशी पडलं तर काउल गेला. तो दुरुस्त करायला पुढचा अर्धा भाग सोलावा लागतो, शेकडो स्पॉट वेल्ड खोलायचे, आपल्याकडे हे काम नीट करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. आणि काउल गळत असेल तर त्याच्या खालचा फ्लोअर पण गेलेला असणारच, मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ.

बाकी भराभर सांगतो. बॅटरीच्या ट्रेखालचा आतला पत्रा आणि त्याच्या खालची रेल, उजव्या बाजूला पुढे, ॲसिडने खाल्लेली असते. पुढचे शॉक ॲब्सॉर्बर ज्या उभ्या टॉवरला बसतात तिथे वरच्या आर्मच्या भोवती तडे. मागे स्प्रिंगचे पाटे जिथे बॉडीला बसतात ती जागा, दोन्ही टोकं. डिकीत बघताना लक्षात ठेव, या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा फ्लोअर असतो, टाकी गळली की डिकीत वास. मागच्या चाकावरची कमान आणि मडगार्डची खालची कड, इथे फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरव, जिथे पकडणार नाही तिथे लांबी म्हणजे पुट्टी भरलेली. लांबी थोडी असणारच, साठ वर्षांची गाडी आहे, पण बोटभर जाड लांबीचा लाल रंग अठरा लाखाला घ्यायचा नसतो. शेवटी दारं. दार उघडून थोडं वर उचल, बिजागरी ढिली असेल तर ते स्वस्तातलं. पण गाडी पुढून जॅकवर घेतल्यावर दारांच्या फटी बदलल्या किंवा दार अडकायला लागलं तर बॉडीच वाकतेय, तिथूनच नमस्कार करून परत ये. (जॅकवर असताना खाली शिरू नको, ठोकळे लाव, हे लिहायची पाळी येऊ नये पण येते.)

डिझेलदादा

एवढा विचार कशाला करता? बॉडी घ्या आणि आत एखादं टोयोटाचं डिझेल टाका, ॲव्हरेज पण मिळेल एसी पण चालेल. पूर्वी मुंबईत इम्पालात पण मॅटाडोरचं डिझेल टाकून लोक आरामात फिरायचे.

इंची_पाना

फिरायचे, कारण तेव्हा पेट्रोल परवडायचं नाही आणि त्या गाडीला जुनी टॅक्सी म्हणून किंमत होती. आज त्याच लोकांची मुलं मूळ इंजिन शोधत फिरतायत. कागदाचं काय होतं ते कोणीतरी कायद्यातलं सांगा, मी सांगितलं तर दादाला पटणार नाही.

म्हापशाची_वकील

सांगते. जुलै २०२१ला केंद्राने विंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांच्या वरची दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली, अशीच गाडी विंटेज धरतात. डिझेल टाकलं की विषय संपला. नवीन नोंदणीची फी २० हजार, दहा वर्षांसाठी, नंतर ५ हजार. आधीच नोंदलेली गाडी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदली तर व्हीए सिरीज मिळते. पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. तुम्हाला दर रविवारी मिरामारला फिरायचं असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण, आणि ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या इम्पोर्टेड चारचाकीला त्याची फीच ८० हजार झालीये. हे दोन्ही आकडे सौदा करताना डोक्यात ठेवा.

आता येझदी भाऊ, तुमच्या पोस्टमध्ये मला गंजापेक्षा "आजोबा गेले" ही ओळ जास्त टोचली. आरसी आजोबांच्या नावावर, विकतोय नातू. नातवाला तो हक्क एकट्याला आहे का? आपल्याकडे गोव्यात वारसांचं प्रकरण मुंबईसारखं नाही हे तुम्हाला माहीत असेलच. आजी असेल तर अर्धा भाग मुळात तिचा, मग मुलं, मुली, आणि त्यांचे नवरा-बायको. नोटरीकडे सक्सेशन डीड (वारस ठरवणारा दस्त) झालंय का ते विचारा आणि त्यात जितकी नावं तितक्यांच्या सह्या घ्या, जोडीदारांसकट. कोणी परदेशात असेल तर तिथून पॉवर ऑफ ॲटर्नी, अपोस्टिल म्हणजे तिकडचं सरकारी प्रमाणीकरण करून. नातू म्हणेल "आमच्यात कोणी काही बोलणार नाही". अठरा लाखाची गाडी चकचकीत होऊन रस्त्यावर आली की बोलतात.

आरटीओचा क्रम असा की आधी फॉर्म ३१वर मालक मयत म्हणून वारसाच्या नावावर, मग त्याच्याकडून तुमच्या नावावर २९ आणि ३०. गाडी मुंबईची आहे म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), फॉर्म २८. इतकी जुनी गाडी सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदवहीत बहुतेक सापडणार नाही, मग तिकडे जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागेल. रजिस्टर सापडलं तर. हे काम विकणाऱ्याने करायचं, तुम्ही नाही, आणि तुमचे पैसे हातात पडायच्या आधी.

आणि एक. ही गाडी देशात आली कशी? त्या काळात आयातीवर बंधनं कडक होती, बाहेरच्या गाड्या येत त्या दूतावासांच्या, किंवा परदेशातून कायमचे परतणाऱ्यांच्या, आणि दूतावासांच्या वापरलेल्या गाड्या पुढे एसटीसी म्हणजे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन विकायची. तसा एखादा कागद निघाला तर सोनं. लोकांचा एक समज असतो की गोव्यातली परदेशी गाडी म्हणजे पोर्तुगीज काळात आली, ड्यूटीचा प्रश्न नाही. मस्टँग बाजारात आली एप्रिल १९६४ला, गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ला, त्यामुळे तो बचाव इथे चालत नाही. आपल्या किनाऱ्यावर त्या काळात परदेशी लोक रस्त्याने गाड्या घेऊन यायचे, कार्नेवर, म्हणजे परत न्यायच्या अटीवर ड्यूटी न भरता. ती गाडी इथेच राहिली असेल तर ती कस्टमच्या लेखी आजही ड्यूटी बुडवलेली गाडी आहे, जप्त होऊ शकते. तुमच्याकडे मुंबईचं आरसी आहे म्हणजे बहुतेक तसं नसणार, तरी आरसीवर पहिल्या नोंदणीची तारीख आणि पहिला मालक बघा.

सासष्टीकार

बाप रे. मी लाइक करायला आलो होतो, आता माझ्याच जीपचे कागद शोधतोय.

फोंड्याचो_येझदी

मंडळी, रविवारी जाऊन आलो, भावाला घेऊन. आधी इंची काकांना दंडवत. बॉनेटची लिव्हर सांगितली तिथेच होती, स्प्रे मारून थोडा वेळ थांबलो आणि उघडलं. नातू बघतच राहिला, त्याला खरंच माहीत नव्हतं.

आणि आत सरळ सिक्स 😐 लांबलचक एका ओळीत सहा प्लग. चाकाला चार नट, स्टेपनीला पण चार. मागे झाकण. नंबरात पाचवं अक्षर टी, कारखाना आर. आरसीवर पण सिलिंडर ६ असं शाईने लिहिलेलंच होतं, मीच ते पान नीट बघितलं नव्हतं कारण नातवाने फक्त पहिल्या पानाचा फोटो पाठवला होता. चॅसी नंबर आरसीशी जुळला, प्रिंट काढून आणलीये. इंजिन नंबरच्या रकान्यात तोच चॅसी नंबर परत लिहिलाय, ही काय भानगड?

प्लग काढून क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावला, जोर लावल्यावर फिरलं, पूर्ण फिरलं. ऑइल काळं पण पांढरट नाही. गिअरबॉक्सच्या दांडीवरचं तेल तपकिरी आणि जळका वास.

काउलमध्ये कळशी ओतली. उजवीकडे कोरडं, डावीकडे भावाच्या तोंडावर. फ्लोअर ड्रायव्हरच्या बाजूला खालून चाळणी, त्यावर कोणीतरी जुना पत्रा वेल्ड करून वर डांबर फासलंय. उजवा फ्लोअर ठीक. बॅटरीखाली हात आरपार गेला पण त्याच्या खालची रेल वाजवून बघितली, टणटण आहे. टॉवरला तडे दिसले नाहीत. मागचे पाटे ठीक, मागची डावी कमान पूर्ण लांबी, चुंबक घसरतं. दारांच्या फटी जॅकवर पण बदलल्या नाहीत, दोनदा बघितलं.

आता सांगा. सिक्स निघाली म्हणून मन खट्टू झालंय. व्ही-एट आणून टाकता येईल का नंतर?

इंची_पाना

नंबरची भानगड नाही. त्या काळी फोर्ड साध्या इंजिनांवर वेगळा नंबर ठोकतच नव्हती, आरटीओला रकाना भरायचा म्हणून चॅसीचाच लिहिलेला असतो. उलट तिथे भलताच नंबर असता तर मी विचारात पडलो असतो.

व्ही-एट टाकायचं मनातून काढ. नुसतं इंजिन नाही बदलत, पुढच्या स्प्रिंगा, स्टिअरिंगचे रॉड, ब्रेक, हब, मागचा एक्सल, रेडिएटर, सगळं व्ही-एटचं लागतं, नाहीतर हलक्या एक्सलला जड इंजिन जोडल्यासारखं होऊन एक दिवस मोल्याच्या चढावर पाठ सोडेल. आणि एवढं करून विंटेजमधून पण बाद, वर वकील ताईंनी लिहिलंय.

आता मी सिक्सच्या बाजूने बोलतो, ऐक. ही २०० क्यूबिक इंचाची म्हणजे ३.३ लिटरची सिक्स, सात मेन बेअरिंगची, कंपनीच्या हिशेबाने १२० हॉर्सपॉवर. रेसला नेलीस तर लोक हसतील, पण ती मरत नाही. एक कार्ब्युरेटर, एक डिस्ट्रिब्युटर, बॉनेटखाली दोन्ही बाजूंनी हात जातो, डिचोलीतला कुठलाही जुना जीपवाला मेस्तरी ती समजू शकतो आणि त्याच्याकडे इंची पाने पण असतात. आपल्या रस्त्यांवर, समोरून कदंबाची बस येत असताना, तुला दोनशे हॉर्सपॉवर कुठे वापरायचेत? व्ही-एटवाले पण साठच्या वर जात नाहीत, फक्त आवाज करतात.

हिला बिल्ला काढून सिक्सची गाडी म्हणून सिक्सच्या भावात घे. नट चार असलेली, नंबर जुळणारी, इंजिन मूळचं, रेल शाबूत, दारं सरळ. मला तर ही बातमी चांगली वाटली. गिअरबॉक्स ओपन होणार हे धरून चाल, जळका वास म्हणजे क्लच प्लेटा गेल्यात. काउल एकाच बाजूने गेलाय म्हणजे अर्धं काम, पण काउल अर्धा करता येत नाही, खोलायला पूर्णच लागतो.

वेल्डिंगचं मात्र नीट ऐक. आपल्याकडे बार्जवर आणि खाणीच्या टिपरवर काम केलेले एक नंबर वेल्डर आहेत, पण त्यांचा हात जाड प्लेटवर बसलेला. हा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर, साध्या आर्क वेल्डिंगने भोक पडतं मग तो भोकावर पत्रा मारतो आणि पत्र्यावर पत्रा, तुझ्या फ्लोअरवर झालंय तसं. कुजलेलं कापून काढायचं, स्वच्छ पत्र्याला नवा पत्रा, मिग वेल्डिंगने थांबत थांबत. आणि काम सुरू करायच्या आधी आत लोखंडी नळ्या आडव्या लावून बॉडी बांधून घ्यायची, नाहीतर फ्लोअर कापल्यावर आज सरळ असलेल्या फटी उद्या नसतील. असा माणूस आधी शोध, मग गाडी घे. उलट करणाऱ्यांच्या गाड्या मी पाहिल्यात, अंगणात फ्लोअर नसलेली बॉडी आणि तिच्यात कोंबड्या.

मुरगावकर

मी वेगळं बोलणार. नका घेऊ. काउल, फ्लोअर, कमान, गिअरबॉक्स, सीटा, रंग, वायरिंग (उंदीर होते म्हणजे वायरिंग गेलंच), ब्रेकची प्रत्येक नळी. ड्यूटी भरून पार्ट आणायचे. एवढ्याची बेरीज करा आणि त्यात कोणीतरी पूर्ण केलेली गाडी कितीला मिळते ते बघा. पूर्ण झालेली नेहमीच स्वस्त पडते कारण पहिल्या माणसाचे पैसे बुडालेले असतात. हौस असेल तर त्याच्या बुडालेल्या पैशांवर करा.

इंची_पाना

मुरगावकर, हिशेब बरोबर आहे तुमचा. पण पूर्ण केलेल्या गाडीत लांबीखाली काय आहे ते कळत नाही, इथे याला निदान कुठे कुजलंय ते सगळं उघडं दिसलंय. ज्याला संध्याकाळी गॅरेजमध्ये बसायचंय त्याने प्रोजेक्ट घ्यावी, ज्याला फक्त चालवायचीये त्याने तयार. येझदी, तू कुठला ते तूच ठरव.

आणि ब्रेक निघालेच म्हणून, ६६ला मास्टर सिलिंडर एकच सर्किटचा, एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ६७पासून दोन सर्किट आले. पैसे कुठेही वाचव, इथे नको, सगळ्या नळ्या आणि सिलिंडर नवीन. पेट्रोलच्या रबरी नळ्या पण, आता पंपावर सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं ई-२० येतं, जुनं रबर फुगून तुकडे पडतात आणि गाडी उभी राहिली की टाकीत पाणी धरतं. हेड खोलशीलच तेव्हा एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घे, ती इंजिनं शिसंवाल्या पेट्रोलवर चालायची आणि आपल्याकडे शिसं २०००लाच बंद झालं.

फोंड्याचो_येझदी

मी संध्याकाळी गॅरेजमध्ये बसणाराच आहे काका, बायकोला विचारा 😄

काल परत नातवाशी बोललो. सिक्स आहे, काउल गेलाय, पाण्याचा व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला बिल्ला आजोबांनीच हौसेने लावला होता, घरात सगळ्यांना तो व्ही-एटच वाटायचा. अठरावरून अकरावर आला आपणहून. मुंबईचं गिऱ्हाईक काय झालं विचारलं तर विषय बदलला.

वकील ताई, तुमचा प्रश्न विचारला. सक्सेशन डीड झालंय, घरासाठी केलं होतं. त्यात आजी, तीन मुलं आणि त्यांच्या बायका, आणि एक आत्या जी लिस्बनला असते. आत्याला गाडी विकतायत हे माहीतच नाही. आजी मात्र पडवीत येऊन बसली होती, तिला विचारलं तर म्हणाली घेऊन जा एकदाची, पावसात कुत्री तिच्यातच झोपतात. कस्टमचं काही सापडलं नाही पण आरसीवर पहिला मालक म्हणून परदेशी कॉन्सुलेटचा शिक्का आहे, दुसरा मालक मुंबईचा एक माणूस, तिसरे आजोबा.

म्हापशाची_वकील

कॉन्सुलेट असेल तर रस्ता बरा दिसतोय. दुसऱ्या मालकाकडे ती एसटीसीच्या विक्रीतून आली का ते शोधायला सांगा, जुनी पावती किंवा निदान आरटीओच्या रजिस्टरमधली नोंद, बॅकलॉग एंट्रीच्या वेळी ती प्रमाणित प्रत मागून घेता येते.

आजी बोलली ते ठीक, पण सही लागते. आत्याला आजच फोन करायला लावा, सगळ्यात शेवटी कळणारा वारस सगळ्यात जास्त त्रास देतो. इसार द्यायचाच असेल तर छोटा द्या, चेकने, आणि साध्या करारात लिहून घ्या की एनओसी आणि सगळ्या वारसांच्या सह्या ठरलेल्या मुदतीत आल्या नाहीत तर इसार परत. गाडी तोवर त्यांच्याच पडवीत राहू दे. कागद पूर्ण नसताना ती तुमच्या अंगणात आली की घाई तुमची होते, त्यांची नाही. आणि बारा महिन्यांवर ती गोव्यात आहे म्हणजे इथला नंबर कधीच घ्यायला हवा होता, मागचा टॅक्स आणि दंड कोणी भरायचा ते पण करारात लिहा. लेफ्ट हँडला चालू इंडिकेटर कायद्यानेच लागतात, पासिंगच्या वेळी पहिल्यांदा तेच बघतील.

सासष्टीकार

अकराचे नऊ होतील. चवथीचा खर्च आहे त्याला.

इंची_पाना

पैशाचं तुम्ही बघा. पडवीतच राहणार असेल तर नातवाला सांगून एवढं करून ये: प्रत्येक प्लगच्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाक, प्लग परत लाव, चार ठोकळ्यांवर गाडी उचलून ठेव, खाली जाड ताडपत्री पसर म्हणजे मातीची वाफ लागणार नाही. काउलच्या जाळीतली पानं हाताने काढ आणि वर नुसतं प्लास्टिक झाकू नको, आत घाम धरतो, झाकायचंच तर चारी बाजूंनी वारा जाईल असं. डाव्या फ्लोअरवरचं डांबर आत्ता खरवडू नको, तेच धरून आहे.

आणि न्यायच्या दिवशी दोरी बांधून ओढत आणू नका कोणी, ऑटोमॅटिक आहे, मागची चाकं रस्त्यावर फिरली की उरलेला गिअरबॉक्स पण जाईल. फ्लॅटबेड सांग, फोंड्यात दोघा-तिघांकडे आहे. मागचे ड्रम जाम असतील तर चाकं फिरणारच नाहीत, हातोडीने ड्रमच्या कडेवर ठोक, मधे नको.

फोंड्याचो_येझदी

ठीक काका. नातवाने आत्याला मेसेज टाकलाय, तिने उलट विचारलंय की तीच का ती लाल गाडी, आणि फोटो पाठव म्हणाली. एनओसीसाठी एजंट मुंबईला जातोय चवथीनंतर, तोवर मी मिग वेल्डिंगवाला शोधतो. कुडचडे-सांगे भागात कोणी पातळ पत्र्याचं काम केलेला माहीत असेल तर मेसेज करा.